एका वर्षात फरक दिसला नाही, म्हणून संशोधन निरुपयोगी ठरते का?

मध्य प्रदेशातील इंदूरजवळच्या सांवेर तालुक्यातील एका तरुण शेतकरी बंधूंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरची चोवीस बिघे, म्हणजे सुमारे सहा हेक्टर, काळी जमीन आहे, खरिपात सोयाबीन आणि रब्बीत गहू-हरभरा होतो. एका कृषी मेळाव्यात रुंद वरंबा-सरी पद्धतीची, म्हणजे रुंद वरंब्यावर पीक आणि मधल्या सरीतून पाणी अशा बीबीएफची, माहिती ऐकून त्यांनी गेल्या खरिपात सहा बिघ्यांत तशी पेरणी केली. पाऊस वेळेवर आणि बेताने झाला. काढणी झाल्यावर त्यांचे आणि शेजारच्या सपाट पेरलेल्या शेताचे उत्पादन जवळजवळ सारखे, बिघ्याला साडेतीन क्विंटलच्या आसपास भरले. आता वडिलांचे म्हणणे असे की विद्यापीठाच्या गोष्टी विद्यापीठाच्या शेतातच खऱ्या होतात; आणि बंधूंचा प्रश्न असा की या संशोधनाचा आमच्यासारख्यांना खरोखर उपयोग आहे का, आणि पुढे जमिनीतील ओलावा मोजणारे सेन्सर व फवारणीचा ड्रोन यांत पैसे घालावेत का.

मी सस्यशास्त्राचा, म्हणजे पिके घेण्याच्या शास्त्राचा, माणूस आहे आणि माझी नोकरीची बहुतेक वर्षे इंदूर, देपालपूर, महू या पट्ट्यात शेतकऱ्यांच्या शेतांवरील चाचण्या उभ्या करण्यात आणि मोजण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगतो की आपण विचारलेला प्रश्न दिसतो त्याहून वेगळा आहे. विद्यापीठाचे संशोधन खरे की खोटे, हा येथे मुद्दा नाही. प्रत्येक शिफारशीत एक कारण दडलेले असते आणि त्या कारणाभोवती एक परिस्थिती असते. ती अडचण आपल्या शेतात त्या वर्षी उपस्थितच नसेल, तर तिच्यावरच्या उपायाचा परिणाम दिसणार तरी कोठून? म्हणून आधी पाहायचे ते हे, की बीबीएफ ज्या दुखण्यावर सुचवली जाते ते दुखणे गेल्या खरिपात आपल्या शेताला झाले होते का.

ते दुखणे काळ्या मातीच्या घडणीतच आहे. आपल्या माळव्याच्या जमिनीतील चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. जूनमध्ये जमिनीला भेगा असतात, त्यामुळे पहिले पाऊस सरळ खाली उतरतात. परंतु एकदा माती फुगली आणि भेगा मिटल्या की पाणी मुरण्याचा वेग तासाला जेमतेम काही मिलिमीटरवर येतो. इंदूर परिसरात वर्षाला सरासरी साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, पण त्याचा मोठा हिस्सा चार महिन्यांत आणि त्यातही मोजक्या दिवसांत पडतो. जुलैमध्ये लागोपाठ झड लागली की सपाट शेतात पाणी मुरतही नाही आणि वाहूनही जात नाही. सोयाबीनचे पीक अशा वेळी पिवळे पडते आणि पुष्कळ जण त्यावर युरिया टाकतात, कारण पिवळेपणा पाहून नत्राची कमतरता वाटते. ती कमतरता असतेही, पण ती का झाली हे मुळाशी जाऊन पाहावे लागते.

हे पाहण्याची एक साधी रीत आहे आणि ती प्रत्येक सोयाबीन उत्पादकाने स्वतः करावी अशी माझी इच्छा असते. पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी, झड उघडल्यावर, पाणी साचलेल्या जागेतून दोन आणि उंचवट्यावरून दोन झाडे खुरप्याने मातीच्या ढेकळासकट उचलावीत, ओढून काढू नयेत, कारण ओढताना गाठी तुटून मातीत राहतात. मुळे बादलीतल्या पाण्यात हलक्या हाताने धुवावीत आणि मुळांवरील गाठी नखाने चिराव्यात. आतून लालसर-गुलाबी निघाली ती गाठ जिवंत आहे आणि हवेतील नत्र धरून झाडाला देत आहे. हिरवट, करडी किंवा पोकळ निघाली तर तिचे काम थांबलेले आहे. गाठीतील जिवाणूंना त्यांच्या कामासाठी प्राणवायू लागतो आणि साचलेल्या पाण्यात तो मिळत नाही. म्हणजे युरियाने पिवळेपणा काही दिवस झाकला जाईल, पण मुळाला हवा मिळवून देण्याचे काम त्याने होणार नाही. ते काम वरंब्याने होते. दीड मीटरच्या पट्ट्यात साधारण एक मीटरचा रुंद वरंबा आणि अर्ध्या मीटरची सरी, अशी जी रचना आहे तिचा पहिला हेतू एवढाच की झडीच्या दिवसांत मुळांभोवतीची माती पाण्यात बुडू नये.

आता आपल्या मजकुरातील वाक्य पुन्हा वाचा: पाऊस वेळेवर आणि बेताने झाला. ज्या खरिपात पाणी साचलेच नाही त्या खरिपात वरंब्यावरचे आणि सपाटावरचे पीक सारखे आले, तर त्यात न्यून काही नाही. मला तर तेच अपेक्षित आहे. याउलट २०१९ साल आठवा. त्या वर्षी मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली आणि माळव्यातील सोयाबीनचे मोठे नुकसान झाले. २०२३ मध्ये उलट प्रकार झाला, ऑगस्ट महिना देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा गेला आणि मग सप्टेंबरच्या मध्यावर इंदूर परिसरात जोराचा पाऊस कोसळला. वरंबा-सरीचे मोल अशा वर्षांत ठरते. तेथेही सर्व काही तिच्या बाजूचे नाही, हे मी स्पष्ट सांगतो. अतिपावसात तिचा फायदा मला खात्रीने दिसला आहे. दीर्घ उघडिपीत तो कमी-अधिक होतो, कारण सरीत अडवलेले पाणी मुळांना उपयोगी पडते हे खरे असले तरी वरंब्याचा वरचा थर सपाट जमिनीपेक्षा लवकर सुकतो. उघडीप केव्हा आली, फुलोऱ्यात की शेंगा भरताना, आणि सऱ्यांची तोंडे तेव्हा बंद केली होती का, यावर पुष्कळ अवलंबून राहते.

आणखी एक गोष्ट मला विचारायची आहे, जी आपण लिहिलेली नाही. आपल्या सऱ्यांचे पाणी शेवटी गेले कोठे? या पद्धतीत सरीला शंभर मीटर लांबीत सुमारे ४० ते ८० सेंटिमीटर एवढा सौम्य उतार असावा लागतो आणि सऱ्यांचे पाणी एखाद्या गवताळ चराने शेताबाहेर किंवा शेततळ्यात जावे लागते. मी पाहिलेल्या अनेक शेतांत वरंबे उत्तम पडलेले असतात, पण सऱ्या बांधापाशी येऊन संपतात. अशा शेतात झड आली की सऱ्या काठोकाठ भरतात, पाणी वरंब्याच्या पोटात शिरते आणि शेवटच्या वीस-पंचवीस मीटरमधले पीक सपाट पेरणीपेक्षाही वाईट दिसते. यंत्राने वरंबा पाडणे हा अर्धाच भाग आहे. पाण्याची वाट काढणे हा उरलेला अर्धा, आणि मेळाव्यात तो सांगायचा राहून जातो, कारण तो यंत्राच्या बाजूला उभा करून दाखवता येत नाही.

वडिलांच्या शंकेत मात्र एक तथ्य आहे आणि त्याचा मान राखला पाहिजे. संशोधनाचे आकडे शेतकऱ्यापर्यंत पोचताना त्यांची तुलना कशाशी केली होती, हे बहुधा गळून पडते. वरंबा-सरीची रुंद आवृत्ती ज्या कामातून पुढे आली त्याचेच उदाहरण घ्या. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने काळ्या जमिनीच्या छोट्या पाणलोटांवर १९७६ पासून दीर्घकालीन प्रयोग चालवला. त्यात सुधारित पद्धतीचे उत्पादन हेक्टरी सरासरी पाच टनांच्या आसपास आणि पारंपरिक पद्धतीचे सुमारे एक टन निघाले. हा आकडा ऐकून कोणालाही वाटेल की वरंबे पाडले की उत्पादन पाचपट होते. पण पारंपरिक म्हणून जी पद्धत धरली होती तीत खरिपात जमीन पडीक आणि रब्बीत एकच पीक, तेही रासायनिक खताशिवाय. आणि सुधारित पद्धतीत वरंब्यांबरोबरच पावसाळ्यात पीक, आंतरपीक, सुधारित वाण आणि खत हे सारे होते. तो निष्कर्ष संपूर्ण संचाचा आहे आणि त्या संचाचा म्हणून तो अत्यंत मोलाचा आहे.

माळव्याने त्या संचातला मोठा हिस्सा केव्हाच उचललेला आहे. एके काळी आपल्याकडेही पुष्कळ काळी जमीन खरिपात पडीक राही आणि साठलेल्या ओलीवर रब्बी होई. जबलपूर आणि पंतनगर या कृषी विद्यापीठांनी सोयाबीनवर काम केले, १९६७ मध्ये सोयाबीनचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला, १९८७ मध्ये इंदुरात राष्ट्रीय सोयाबीन संशोधन केंद्र आले, १९९४ मध्ये जेएस ३३५ हे वाण आले आणि ती पडीक जमीन पिकाखाली आली. आपल्या घरी खरिपात सोयाबीन होते ते या संशोधनामुळेच. त्यामुळे आपल्या शेतात वरंब्याची तुलना पडीक जमिनीशी होणार नाही, ती सुधारित वाण आणि खत आधीच घेतलेल्या सपाट पेरणीशी होणार, आणि तेथे फरक टक्क्यांत मोजावा लागेल, पटींत नव्हे. कोणीही आकडा सांगितला की त्याला पहिला प्रश्न हाच विचारावा: कशाच्या तुलनेत?

कारण आणि परिस्थिती वेगळी करून पाहण्याचे दुसरे उदाहरण इंदूरचेच आहे, आणि ते मला विशेष जिव्हाळ्याचे आहे. १९२४ मध्ये येथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री ही संस्था उभी राहिली. आज त्या परिसरात कृषी महाविद्यालय आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी तेथे काडीकचऱ्यापासून खत करण्याची जी रीत बसवली ती जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. कपाशीच्या पऱ्हाट्या कुजायला कठीण, म्हणून त्या शेतरस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेतल्या जात. मग काडीकचरा, शेण, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर देत, ओल राखत आणि ढीग वेळोवेळी उलथत सुमारे तीन महिन्यांत खत तयार होई. आज सांवेरात ही पद्धत जशीच्या तशी चालवा असे मी कोणाला सांगणार नाही. गोठे रिकामे झाले, उलथायला माणसे मिळत नाहीत, गहू कम्बाइनने काढला जातो आणि नरवाई, म्हणजे गव्हाचे धसकट, शेतात उभी राहते. पण ढिगाला हवा, ओल आणि कर्ब-नत्राचा मेळ लागतो हे त्यामागचे कारण आजही तंतोतंत लागू आहे, आणि नरवाई पेटवण्याऐवजी ती बारीक करून, ओलीत मिसळून कुजवताना त्याच कारणाचा आधार घ्यावा लागतो. नुसता कोरडा गव्हाचा भुसा जमिनीत गाडला तर तो कुजताना जमिनीतलेच नत्र ओढून घेतो आणि पुढचे पीक सुरुवातीला अडखळते. परिस्थिती पालटली की रीत पालटावी लागते, कारण मात्र हाताशी ठेवावे.

मग आपल्या शेतात काय खरे आहे ते ठरवायचे कसे? शेजाऱ्याच्या शेताशी तुलना करून नाही, हे निश्चित. त्यांचे वाण वेगळे असेल, पेरणी चार दिवस मागेपुढे झाली असेल, मातीची खोली वेगळी असेल. एकाच शेतात बांधाजवळ आणि मधोमध उत्पादनात दहा-पंधरा टक्क्यांचा फरक मी सर्रास मोजला आहे. मग दोन शेतांची गोष्ट काय! तुलना आपल्याच शेतात, लगतच्या पट्ट्यांत व्हायला हवी. यंदाच्या खरिपात एका शेतात सपाट आणि बीबीएफ अशा पट्ट्यांच्या तीन जोड्या आखा. प्रत्येक पट्टा सहा वरंब्यांचा, म्हणजे नऊ मीटर रुंद ठेवा आणि सपाट पट्टाही तेवढाच. जोडीत कोणता पट्टा डावीकडे घ्यायचा ते नाणे उडवून ठरवा, कारण मनाने ठरवले की चांगली जागा नकळत नव्या पद्धतीला दिली जाते. एक जोडी मुद्दाम अशा जागी घ्या जिथे वडिलांच्या आठवणीत जास्त पावसाच्या वर्षी पाणी साचते. तीस-चाळीस पावसाळ्यांची ती माहिती कोणत्याही विद्यापीठाकडे नाही. बियाणे, बीजप्रक्रिया, खत आणि पेरणीचा दिवस सर्व पट्ट्यांत एकच ठेवा.

मोजण्यात एक बारीक चूक होते ती टाळावी. पीककापणी प्रयोगात पाच मीटर बाय पाच मीटरचा चौकोन घेण्याचा प्रघात आहे, आणि तो सोयीचा आहे, कारण २५ चौरस मीटरमधले किलो चारने गुणले की हेक्टरी क्विंटल मिळतात. पण दीड मीटरच्या वरंब्यांवर पाच मीटरची चौकट बसत नाही. ती अशी पडू शकते की वरंबे साडेतीन येतात आणि सऱ्या तीनच, आणि मग बीबीएफचे उत्पादन कागदावर फुगते. त्याऐवजी पट्ट्याच्या मधले चार वरंबे त्यांच्या चार सऱ्यांसह घ्या, म्हणजे रुंदी बरोबर सहा मीटर होईल, आणि लांबी ४ मीटर १७ सेंटिमीटर घ्या. क्षेत्र २५ चौरस मीटरच राहते. सपाट पट्ट्यातही मधलाच भाग तेवढ्याच मापाचा घ्या, कडेच्या ओळी सोडा. मळणी वेगवेगळी करा, दाणे सारखे वाळवा आणि मगच वजन करा, कारण ओल्या-सुक्या दाण्यांचा फरक कित्येकदा दोन पद्धतींमधल्या फरकापेक्षा मोठा असतो. शेतात एक साधे पर्जन्यमापक नळकांडे रोवा आणि रोजचा पाऊस वहीत लिहा. पुढे कोणत्या वर्षी फरक पडला आणि का पडला, याचे उत्तर त्याच वहीत सापडेल.

तीनही जोड्यांत बीबीएफ पुढे असेल आणि फरक साधारण सारखा असेल तर त्यावर भरवसा ठेवावा. दोनांत पुढे आणि एकात मागे असेल तर अजून काही सिद्ध झालेले नाही असे समजावे. पीक-उत्पादनाचा अंदाज शास्त्रशुद्ध नमुन्यांनी घेण्याची जी रीत या देशात रूढ झाली तिच्यामागे पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे या दोघा संख्याशास्त्रज्ञांचे काम आहे, आणि पानसे यांनी इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीतच काम केले होते. शेतीची परीक्षा देणारा प्रत्येक विद्यार्थी आजही त्यांची नावे जोडीने घेतो. तीच दृष्टी घरच्या शेतात वापरायला सांख्यिकीची पदवी लागत नाही, तीन जोड्या आणि एक वजनकाटा पुरतो.

आता पैशांचा हिशेब, कारण निर्णय शेवटी तेथे होतो. बीबीएफ पेरणीयंत्राचे भाडे आणि पाण्याची वाट काढण्याची मजुरी मिळून सपाट पेरणीपेक्षा बिघ्याला समजा ५०० रुपये जास्त लागले. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने ही रक्कम सुमारे साडेनऊ किलो सोयाबीनने भरून निघते. मंडीत भाव ४,००० धरला तर साडेबारा किलोने. साडेतीन क्विंटलात साडेबारा किलो म्हणजे साडेतीन टक्के. एवढा फरक आपल्या काट्यावर एका वर्षात ओळखू येणारच नाही, तो मातीच्या आणि मोजणीच्या फरकात बुडून जाईल. म्हणून सरासरी वर्षात फरक दिसला का, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो आणि वेगळा विचारतो: ज्या वर्षी झडीने सपाट शेतातले बिघ्याला एक क्विंटल गेले, त्या वर्षी वरंब्यावर किती वाचले? पन्नास किलो वाचले असतील तर ४,००० च्या भावानेच ते दोन हजार रुपये झाले, म्हणजे चार वर्षांचा जादा खर्च त्या एका वर्षात निघाला. हा पीकविम्याच्या हप्त्यासारखा खर्च आहे आणि त्याचा हिशेब पाच-सहा वर्षांचा धरूनच करावा. ज्यांची जमीन हलकी, उताराची आणि आपोआप निचरा होणारी आहे त्यांनी हा हप्ता भरू नये, असेही मी तितक्याच स्पष्टपणे सांगतो.

बियाण्याचा मुद्दा येथे जोडून सांगतो, कारण तो उत्पादनाच्या आकड्यात दिसत नाही. सपाट पेरणीत ४५ सेंटिमीटरवर ओळी असतील तर दीड मीटरमध्ये सव्वातीनहून थोड्या अधिक ओळी बसतात. वरंब्यावर तीन ओळी घेतल्या तर ओळी दहा टक्क्यांनी घटतात आणि बियाणेही तेवढेच वाचते; तरी उत्पादन सारखे आले असेल तर तो फायदाच धरावा. जेएस ३३५ सारखे फांद्या फोडणारे वाण ही मोकळी जागा भरून काढते. जेएस ९५-६० सारख्या उभट आणि लवकर येणाऱ्या वाणाला ते तितके जमत नाही, तेथे ३० सेंटिमीटरवर चार ओळी घ्याव्यात. आपण कोणते वाण पेरले आणि वरंब्यावर किती ओळी ठेवल्या, हे कळले असते तर मला अधिक नेमके सांगता आले असते.

सेन्सरविषयी माझे मत असे की कोरडवाहू सोयाबीनसाठी त्यात पैसे घालू नयेत. ओलावा कमी आहे हे कळून आपण करणार काय, पाणी देण्याची सोय नसेल तर? नलिकाकूप (बोअरवेल) असेल तर गव्हासाठी त्याचा विचार होऊ शकतो, पण काळ्या मातीत एक अडचण आहे. माती वाळून आक्रसली की सेन्सरच्या कांडीभोवती फट पडते, मातीशी स्पर्श सुटतो आणि जमिनीत ओल असूनही यंत्र कोरडे दाखवते. शिवाय यंत्राचे माप आपल्या चिकणमातीशी जुळवलेले आहे का हे विकणाऱ्याला विचारले पाहिजे. सध्या तरी फावड्याने एक वीत खाली खणून मातीचा गोळा वळून पाहणे आणि पिकाच्या नाजूक अवस्था सांभाळणे, विशेषतः पेरणीनंतर तीन आठवड्यांनी मुकुटमुळे फुटतानाचे पाणी, यातून पुष्कळ साधते. इंदूरच्या गहू संशोधन केंद्राने, जे १९५१ पासून येथे आहे, कमी पाण्यात येणारी कठिया (ड्युरम) गव्हाची वाणे दिली आहेत. पाणी वाचवण्याचा माझ्या दृष्टीने तो अधिक स्वस्त मार्ग आहे.

ड्रोनचे उत्तर थोडे वेगळे आहे. जुलै-ऑगस्टच्या चिखलात ट्रॅक्टर शेतात जात नाही आणि पाठीवरचा पंप घेऊन फिरायला माणूस मिळत नाही, अशा वेळी ड्रोन खरोखर उपयोगी पडतो, पाणीही एकराला दहा लिटरच्या आसपास पुरते. पण चोवीस बिघ्यांसाठी तो विकत घेणे परवडणारे नाही, भाड्याने बोलवावा. दाट झालेल्या सोयाबीनमध्ये इतके थोडे पाणी खालच्या पानांच्या मागच्या बाजूपर्यंत पोचते का, हे पहिल्या फवारणीत स्वतः वाकून तपासावे, कारण पांढरी माशी तेथेच बसते आणि पिवळा मोझॅक तिच्यामार्फतच पसरतो. खोडमाशी आणि चक्रभुंगा यांच्या अळ्या खोडाच्या आत गेल्यावर कोणत्याही यंत्राने फवारले तरी औषध बहुतांशी वाया जाते. फवारणी करावी की नाही आणि केव्हा, हा निर्णय शेतात फिरून घ्यावा लागतो. औषधाचा वापर खरोखर कमी होतो तो या निर्णयाने. ड्रोनने फवारणीचे श्रम आणि पाणी तेवढे वाचते.

मृदा आरोग्य पत्रिकेबद्दलही थोडे सांगतो. ही योजना २०१५ मध्ये सुरू झाली तेव्हा कोरडवाहू भागात दहा हेक्टरांमागे एक नमुना घेण्याची पद्धत होती. आपली सारी जमीन सहा हेक्टरांच्या घरात भरते. म्हणजे आपल्या नावाच्या पत्रिकेतील नमुना शेजाऱ्याच्या शेतातून आलेला असू शकतो. पट्टे आखण्यापूर्वी, उन्हाळ्यात, त्या शेताचा वेगळा नमुना घेऊन कस्तुरबाग्रामच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत द्यावा आणि गंधक व जस्त तपासायला मुद्दाम सांगावे. मध्य भारतात सोयाबीनसाठी हेक्टरी २५ किलो नत्र, ६० स्फुरद, ४० पालाश आणि २० गंधक अशी शिफारस आहे; नुसते डीएपी टाकणाऱ्या शेतात गंधकाचा वाटा पडतच नाही, आणि सिंगल सुपर फॉस्फेट घेतले तर स्फुरदाबरोबर तोही मिळतो. ही उणीव राहिली तर वरंबा असो वा सपाट, दोन्ही पट्टे सारखेच मागे राहतील आणि आपल्याला वाटेल की पद्धतीत काही अर्थ नाही.

पुढचे काम मे महिन्यात सुरू होते. बीबीएफ पेरणीयंत्र भाड्याने कोणाकडे आहे ते तेव्हाच पाहून ठेवावे, कारण सुमारे १०० मिलिमीटर पाऊस होऊन पेरणीयोग्य ओल आली की सगळ्यांना ते एकाच आठवड्यात हवे असते. यंत्र आले की कोरड्या जमिनीत वीस-तीस मीटर चालवून वरंब्याची उंची आणि दात्यांमधले अंतर पट्टीने मोजावे, बियाणे तीन सेंटिमीटरपेक्षा फार खोल जात नाही ना ते उकरून पाहावे आणि सऱ्यांचे तोंड चराकडे उघडे ठेवावे. सोयाबीन निघाल्यावर वरंबे मोडू नयेत. हरभरा त्यांच्यावरच पेरावा आणि त्याचेही पट्ट्यापट्ट्याने वजन करावे, कारण एका मीटर खोल काळ्या मातीत पिकाला मिळण्याजोगे दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाणी साठू शकते आणि खरिपात वरंब्यांनी मातीची घडण कशी ठेवली, त्याचा परिणाम कित्येकदा रब्बीच्या पिकात आधी दिसतो.